मुद्देमालाचे वाळवण

उन्हाळ्याच्या दिवसांत माळवदावर पसरलेल्या कुरडया, पापड, सांडगे आणि शेवया यांची राखण करण्याचे काम घरातील ज्या इसमाकडे सोपविले जाते, तो इसम बहुधा दुसऱ्या कोणत्याही कामास अयोग्य ठरलेला असतो, हा आमच्या कुळातील तीन पिढ्यांचा अनुभव आहे. आणि हातात काठी, डोक्यावर ओला पंचा व मांडीवर उघडे पुस्तक अशा थाटात कावळ्यांशी वैर करण्यात बालपणाची आठ आणि निवृत्तीनंतरची पाच वर्षे मी स्वतः खर्ची घातली असल्यामुळे, वाळवण या विषयात मला काही अधिकार प्राप्त झाला आहे, असे मी विनयपूर्वक मानतो. तथापि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ऐन पौषात, एका पोलीस ठाण्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाजवळ ताडपत्रीवर पसरलेल्या गांजाची राखण करण्याचा योग माझ्या नशिबी आहे, ही गोष्ट माझी पत्रिका पाहिलेल्या एकाही ज्योतिषाने मला कळविली नव्हती.

हे ठाणे धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी नेमक्या कोणत्या तालुक्यात आहे, ते मी सांगणार नाही. संशयाची वाटणी आठही तालुक्यांत सारखी व्हावी, एवढाच त्यात हेतू.

प्रकरणाचा उगम वेळ अमावस्येत आहे. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की मार्गशीर्षातील या अमावस्येस, जिला आम्ही बोलताना येळवस म्हणतो, लातूर-धाराशिवकडील गावेच्या गावे ओस पडतात आणि झाडून सारी माणसे रानात जातात. कडब्याची कोप उभारतात, चुना लावलेले पाच दगड मांडून पांडवांची पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे, खीर व मडकेभर आंबील यांचा असा काही फडशा पाडतात की परतीच्या वाटेवर बैलांपेक्षा माणसेच अधिक सावकाश चालतात. त्या दिवशी कोणी कोणाच्या रानात शिरावे यास धरबंध नसतो. वाटसरूसही हाताला धरून कोपीत बसवितात आणि तो पोट दाखवून नको म्हणाला तर तो अपमान समजतात. सबब, आपल्या रानात काय लावले आहे हे ज्या गृहस्थास जगापासून लपवावयाचे असेल, त्याने वर्षातील ३६४ दिवस डोळ्यांत तेल घालून जपले तरी उरलेला एक दिवस त्याच्या हाती नसतो. आंबिलीचा चौथा तांब्या रिचविलेला कोणी एक पाहुणा त्या आंबिलीच्याच तगाद्याने कोपीतून उठला, आडोशासाठी शेजारच्या तुरीत शिरला, आणि शिरला होता त्यापेक्षा पुष्कळच गंभीर मुद्रेने बाहेर आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप माझ्या दारात उभी राहिली. पंच होण्यास कायद्याच्या भाषेत प्रतिष्ठा लागते. व्यवहारात मात्र घरी काम नसणे, तोंडावर नाही म्हणता न येणे आणि सही वाचता येण्यासारखी असणे, एवढे तीन गुण पुरतात, आणि निवृत्त शिक्षकात ते तिन्ही एकत्र नांदत असल्याने आमच्या तालुक्यातील निम्मे पंचनामे माजी मुख्याध्यापकांच्या सह्यांवर उभे आहेत.

तुरीत शिरल्यावर पहिली पंधरा पावले तूरच होती; शेंगांनी वाकलेली, पाने पिवळी पडू लागलेली, डोक्याच्याही वर गेलेली प्रामाणिक तूर. सोळाव्या पावलास वास आला. ओले गोणपाट, चेचलेला लिंबू आणि लांब कोठेतरी मेलेला मुंगूस यांच्या संयुक्त कुटुंबाचा असावा तसा तो वास होता. मग झाडे दिसली. सात-सात बोटांच्या पंजासारखी, करवती कडांची पाने. शेंड्यास भरगच्च, केसाळ तुरे. आणि त्या तुऱ्यांवर दहिवर पडल्यासारखे असंख्य बारीक कण, जे दहिवर नव्हते, कारण मी बोट लावताच ते बोटास जे चिकटले ते दुपारच्या जेवणापर्यंत सोबत राहिले.

आरोपी आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी निघाला. मला पाहून त्याने संकोचाने टोपी काढली आणि म्हणाला, “गुरुजी, तुमी बी?” यास काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. फौजदारसाहेबांना मात्र त्याचे उत्तर तयार होते. “पाखरांनी बी टाकलं असंल, साहेब.” गांजाचे बी पाखरांना प्रिय असते, हे शास्त्रास धरून आहे, परंतु साहेबांनी बुटाच्या टोकाने पाचोळा सारताच खालून ठिबकची काळी नळी निघाली, आणि पाखरांनी बी टाकून न थांबता झाडागणिक एकेक तोटीही बसवून दिली होती, असे मानणे भाग पडले. एवढ्यात तलाठ्यांनी मोबाईल उघडून ई-पीक पाहणीची नोंद काढली. तीत, ‘तूर, चाळीस आर’ अशी नोंद छायाचित्रासह होती. “आता ह्याला मिश्र पीक दाखवावं लागंल काय?” असे त्यांनी निरागसपणे विचारले. यादीत ज्वारीपासून जिरेनियमपर्यंत सारे सापडले, हे सापडले नाही.

मग उपटणी झाली. एकंदर ४६ झाडे. आडत दुकानातून आणलेल्या काट्यावर ती पेंढ्या बांधून चढविण्यात आली, आणि माझ्या माहितीतील सर्वांत विद्वत्तापूर्ण वादविवाद तेथे, त्या काट्याच्या भोवती, बालाघाटाच्या उतरणीवरील त्या काळ्या रानात घडला.

“साहेब, मुळं झटका की,” आरोपी म्हणाला. “माती कशाला मोजलालाव?”

“माती तुज्याच रानाची हाय न्हवं?” हवालदार म्हणाले.

“हाय. पण मातीला कलम न्हाई.”

हवालदारांनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी माझ्याकडे आणि मी आकाशाकडे. काळ्या मातीचा स्वभाव असा की ती एकदा मुळास धरली की जप्तीच्या कारकुनासारखी सहजासहजी सोडीत नाही. अखेर अर्धवट झटकून, काटा ५२ किलो ३०० ग्रॅमवर स्थिरावला आणि पंचनाम्यात तसा लिहिला गेला. त्यात मराठवाड्याची सुपीक भूमी नेमकी किती होती, हे आता तिलाच ठाऊक. माझे आजोबा निजामाच्या अंमलात, जिल्ह्याच्या कलेक्टरास अव्वल तालुकदार म्हणण्याच्या काळात, पटवारी होते. वजन हे काट्यात नसून काटा धरणाऱ्याच्या मनगटात असते, असे ते म्हणत. काटा इलेक्ट्रॉनिक झाल्यापासून ते मनगटातून निघून लेखणीत गेले आहे, इतकाच फरक.

या वादास एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी कायद्याचा थोडा परिचय आवश्यक आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम हा लांबलचक नावाचा कायदा १९८५ साली, १४ नोव्हेंबर या बालदिनाच्या मुहूर्तावर अंमलात आला. आणि त्याने गांजाची जी व्याख्या केली ती एखाद्या चोखंदळ सुगरणीने भाजी निवडताना करावी तशी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यास वा फळधारणेस आलेले शेंडे. बी आणि पाने यांच्यासोबत शेंडे नसतील तर ती गांजा नव्हेत. म्हणजे मूळ नव्हे, खोड नव्हे, सुटा पाला नव्हे, माती तर नव्हेच नव्हे. पाल्यास वगळल्यामुळेच भांग या कायद्याच्या जाळ्यातून अलगद निसटली, आणि काशीसारख्या ठिकाणी ती सरकारमान्य दुकानातून विकत मिळते. पुढे २००१ च्या अधिसूचनेने वजनाच्या रेघा आखल्या: एक किलोपर्यंत अल्प, २० किलोंच्या वर व्यापारी प्रमाण. लागवडीचे कलम निराळे आणि जवळ बाळगण्याचे निराळे. परंतु ती २० किलोंची रेघ ओलांडली की दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आणि जामिनाचा दरवाजा जवळजवळ बंद, अशी व्यवस्था आहे. त्यामुळे झाड कोठे कापावयाचे, पान देठापासून तोडावयाचे की तुऱ्यास चिकटून ठेवावयाचे, हा प्रश्न जगात इतरत्र शेतीचा असेल, आमच्याकडे तो घटनात्मक स्वातंत्र्याचा होतो. पाल्यासकट, काड्यांसकट केलेल्या अशा वजनांवरून मुंबई उच्च न्यायालयापुढेही वारंवार काथ्याकूट झाला आहे.

आणि येथे मला त्या माजी विद्यार्थ्याचे कौतुक करावेसे वाटते. आठवीत असताना फुलाचे भाग विचारले असता पाकळ्यांपुढे ज्याची मजल गेली नव्हती, तो हातास बेडी असताना जीपच्या फळीवर बसून आम्हा सर्वांना समजावून सांगत होता की मोठ्या पंजाचा पाला आधी खुडायचा, तो निव्वळ चारा. मग तुऱ्यातून डोकावणारी बारीक पाने कात्रीने कापायची, तुऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही. फांदी उलटी टांगायची, ती सावलीत, उन्हात कधीच नाही, कारण उन्हाने वास उडतो आणि धूर घशाला ओरबाडतो. काडी वाकवली आणि ती लवली तर ओली, कट्कन मोडली तर वाळली. आणि त्यानंतर बंद बरणीत घालून महिनाभर मुरवायची, लोणच्यासारखी. “पाखरांनी बी टाकलं म्हणालास ना?” साहेबांनी विचारले. “व्हय,” तो म्हणाला, “पण पाखरांनी सांगितलं न्हाई, मोबाईलवर बगितलं.”

या विद्येस आपल्या देशात केवढी परंपरा आहे, याची त्यास कल्पना नव्हती. विलायतेतील पार्लमेंटात गांजाविषयी ओरड झाल्यामुळे हिंदुस्थान सरकारने १८९३ साली मॅकवर्थ यंगसाहेबांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले, आणि त्या कमिशनने बंगालपासून मुंबईपर्यंत हिंडून, कलेक्टर, सिव्हिल सर्जन, वैद्य, मिशनरी आणि बैरागी मिळून ११९३ साक्षीदारांच्या जबान्या कलमबंद करून, सात खंडांचा अहवाल सादर केला, ज्याचा मथितार्थ असा की माफक सेवनाने फारसे काही बिघडत नाही, सबब बंदी नको, कर असू द्या. एवढ्या दीर्घ चौकशीतून जमाबंदीस इतका सोयीस्कर निष्कर्ष निघाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे मुख्य ठिकाण त्या काळी अहमदनगर जिल्हा हे होते, म्हणजे आमच्या जिल्ह्यातील भूम तालुक्याच्या अगदी शेजारी. पलीकडे इंग्रजी परवाना, अलीकडे निजामाची आबकारी, आणि मध्ये जी हद्द होती ती माणसांना दिसे, वासाला दिसत नसे.

परंतु या शास्त्राचे खरे पीठ बंगालात, राजशाही जिल्ह्यातील नवगाव येथे होते. तेथे गांजाचे चपटा, गोल आणि चूर असे तीन प्रकार निघत. पैकी चपटा तयार करताना कापलेली झाडे पसरून त्यांवर माणसे उभी राहत आणि एकमेकांच्या आधाराने तालात पायांनी ती तुडवीत, जेणेकरून चिकट तुरे दबून एकजीव व्हावेत आणि वाळका पाला झडून जावा. त्याहून विलक्षण म्हणजे या शेतीत पोद्दार किंवा परखदार नावाचा एक विशेषज्ञ असे, ज्याचे सारे पांडित्य झाडे फुलोऱ्यास येण्यापूर्वीच त्यांतील नर-मादी ओळखून नर तेवढे उपटून टाकण्यात खर्च होई. कारण परागकण पोहोचले की तुऱ्यात बी धरते आणि राळ कमी होते. यातही मौज अशी की शेतकरी आपल्या बोलीत ज्या धिप्पाड झाडास नर म्हणत ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मादी असे, आणि ज्या किडकिडीत बापड्यास मादी समजून उपटीत तो नर असे. उपटला जाई तो बरोबरच. नाव तेवढे चुकीचे लागे. अशा रीतीने योग्य शिक्षा चुकीच्या आरोपाखाली होण्याची पद्धत फौजदारी कोर्टांच्या बाहेरही रूढ होती, असे दिसते.

या नवगावात १९१७ साली गांजा उत्पादकांची चक्क सहकारी सोसायटी स्थापन झाली. हे वाचल्यापासून माझ्यातील मराठी माणूस अस्वस्थ आहे. साखर, सूत, दूध, द्राक्षे आणि पतपुरवठा यांपैकी काहीही ज्याने सहकाराबाहेर ठेवले नाही, त्या महाराष्ट्राच्या नजरेतून एवढा मोठा जिन्नस सुटला कसा? सुटला नसता तर आज तालुक्यागणिक एक गांजा कारखाना असता, त्यास तितक्याच चिमण्या आणि तेवढ्याच चेअरमनपदाच्या निवडणुका असत्या. गळिताच्या हंगामास तुडवणीचा हंगाम म्हटले असते. आणि गाळपाचे बिल थकले म्हणून होणाऱ्या आंदोलनांत निदान आंदोलक तरी शांत असते. ही सारी थट्टाच आहे असे मात्र वाचकाने समजू नये. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने २०२१ साली खरोखरच कलेक्टरांकडे अर्ज केला की कोणत्याही पिकास भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. परवानगी मिळाली नाही, हे सांगावयास नको. मोल्सवर्थच्या कोशात गांजा आणि गांजणे हे शब्द शेजारी शेजारी नांदतात. त्या अर्जदाराने ते एकाच वाक्यात आणले, एवढाच त्याचा अपराध.

असो. आमच्या ५२ किलो ३०० ग्रॅमकडे वळू. ती झाडे हिरवीच्या हिरवी सहा गोण्यांत कोंबून, सुतळीने शिवून, लाखेची मोहोर करून मालखान्यात ठेवण्यात आली. हिरवा चारा कोंडून ठेवला की तो तापतो, ही गोष्ट ज्याच्या घरी एक म्हैस आहे त्या प्रत्येकास कळते. परंतु मालखान्याच्या दप्तरात म्हशीची नोंद नाही. तिसऱ्या दिवशी गोण्यांना हात लावला तर त्या तापकऱ्या पोरासारख्या कढत होत्या. चौथ्या दिवशी एका गोणीवर पांढरी बुरशी दिसली, आणि मालखान्याशेजारी बसणाऱ्या कारकुनांनी डोके दुखते म्हणून रजेचा अर्ज दिला. तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले की कायद्यास जे हवे आणि झाडास जे हवे, त्यांत मूलभूत विरोध आहे: कायद्यास मोहोरबंद गोणी हवी, झाडास मोकळी हवा. मुद्देमाल बंद ठेवावा तर कुजून पुरावा नाहीसा होतो. उघडा ठेवावा तर पुराव्याचे पावित्र्य नाहीसे होते. यावर कोर्टाची परवानगी घेऊन जी तोड काढण्यात आली ती अशी की रोज सकाळी पंचांसमक्ष मोहोर फोडून माल ताडपत्रीवर पसरावा, आणि रोज सायंकाळी पंचांसमक्ष तो गोळा करून पुन्हा मोहोर करावी. बारा दिवसांचे चोवीस पंचनामे झाले. माझी सही अखेरीस इतकी सुलभ झाली की ती मी झोपेतही करू लागलो, असे माझी पत्नी सांगते.

राखणीस शिपाई का नव्हता, असे कोणी विचारील. पौष शुद्ध अष्टमीस तुळजापुरास शाकंभरी नवरात्र सुरू होते आणि जिल्ह्यातील प्रत्येक मोकळी काठी तिकडे बंदोबस्तास जाते. ठाण्यात उरले ते एक ठाणे अंमलदार, एक होमगार्ड आणि, वाळवणातील अनुभवी म्हणून, मी.

पहिल्या दिवशी कावळे आले, त्यांनी मान वाकडी करून पाहिले आणि निघून गेले. माझ्या कुरडयांवर तुटून पडणाऱ्या जातीचा हा संयम पाहून मी थक्क झालो. दुसऱ्या दिवशी मात्र शेळी आली. आमच्या जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण शेळीचे झाले नाही. उस्मानाबादी शेळी ही देशभर याच नावाने मशहूर आहे. काळीकुळकुळीत, लोंबत्या कानांची, डोळ्यांत परंपरागत औदासीन्य असलेली ती विदुषी कुंपणाच्या तारेखालून कधी आत शिरली ते मला कळले नाही, कारण मी त्या वेळी पुस्तकात होतो. “गुरुजी, शेळी खालालीय!” अशी होमगार्डाची आरोळी ऐकून मी काठी घेऊन धावलो, तो तिने ताडपत्रीच्या ईशान्य कोपऱ्यातील मोठा पाला बऱ्यापैकी निवडून घेतला होता. निवडून हा शब्द मी जाणून वापरतो. काड्या तिने ठेवल्या, तुरे हुंगून सोडले, आणि कायद्याने ज्यास गांजा म्हणत नाहीत तेवढाच भाग खाल्ला. कलमाचे एवढे काटेकोर पालन करणारा इसम त्या संपूर्ण प्रकरणात दुसरा कोणी आढळला नाही.

तरीही तिचा पंचनामा करावा काय, असा पेच पडलाच. सेवनाचे कलम वेगळे आहे, परंतु त्यात इसमाचा विचार आहे. होमगार्डाने तिच्यावर तासभर नजर ठेवली. परिणाम काय झाला हे सांगता येईना, कारण शेळीची मुद्रा आधीपासूनच संसाराची असारता पटलेल्या साधूसारखी असते. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी आपली म्हण आहे. येथे खाणारी शेळीच होती, आणि जिवानिशी जाणारा कोठडीत बसून बिड्या मागत होता. अखेर अंमलदारांनी मला विचारले, “गुरुजी, ‘जनावराने अंदाजे दोनशे ग्रॅम’ असं लिहू?” मी म्हणालो, लिहा, सत्य लिहिण्याने कोणाचे वाईट होत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “मथुरेत असंच लिहिलं होतं.” २०२२ साली मथुरेच्या पोलिसांनी, मालखान्यातील पाचशे किलोंहून अधिक गांजा उंदरांनी खाल्ला असे कोर्टास कळविले, आणि कोर्टाने उंदरांविषयी पुरावा मागितला, ही हकीकत त्यांच्या ध्यानात होती. शेळीचा उल्लेख टळला.

बाराव्या दिवशी काडी कट्कन मोडली. वजन केले, ते १२ किलो ९०० ग्रॅम भरले. आणि मग वरच्या कचेरीतून जो खुलासा मागविण्यात आला तो मी शब्दशः देऊ शकत नाही, परंतु त्याचा आशय असा होता की मोहोरबंद असलेल्या मुद्देमालातून ३९ किलो ४०० ग्रॅम माल कोणी नेला. ओल्या पदार्थात पाणी असते आणि ते वाळताना उडून जाते, हे वाक्य सरकारी भाषेत लिहिणे किती अवघड आहे, याची कल्पना मला तेव्हा आली. कारण सरकारी भाषेत काहीही आपोआप उडत नाही, प्रत्येक क्रियेस एक कर्ता आणि प्रत्येक कर्त्यास एक पत्ता लागतो. अंमलदारांनी तीन मसुदे केले. पहिल्यात पाणी हे फरारी होते, दुसऱ्यात सूर्य हा साथीदार होता. तिसरा मी सांगितला: सुगरणीस विचारावे, ओल्या कुरडईची पाटी भरून माळवदावर जाते आणि वाळून डब्याच्या तळाशी बसते. तो मान्य झाला असे कळते, फक्त कुरडईच्या जागी ‘तत्सम खाद्यपदार्थ’ घालण्यात आले.

परंतु आरोपीच्या वकिलांनी व्याख्येवर बोट ठेवले आणि कोर्टाने फर्माविले की तुरे किती व पाला-काड्या किती, ते अलग करून वजन लिहावे. अशा रीतीने ज्या उद्योगासाठी त्या माणसास अटक झाली होती, तोच उद्योग सरकारी आवारात, सरकारी खर्चाने, माझ्या देखरेखीखाली सुरू झाला. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील हंबोल्ट परगण्यात, दर शरद ऋतूत दूरदूरची तरुण मंडळी हाती छोटी कात्री घेऊन याच कामासाठी रतलावर मजुरी ठरवून जमत असत. आमच्याकडे तुळजापुराहून परतलेले दोन शिपाई, एक होमगार्ड आणि मी सतरंजीवर बसलो. कात्र्या समोरच्या शिंप्याकडून मागून आणल्या. सुरुवातीस कात्री सरसर चालली. दहा मिनिटांनी ती अडखळू लागली. अर्ध्या तासाने तिची पाती एकमेकांस धरून बसली, कारण तुऱ्यांची राळ पात्यांवर काळ्या डिंकासारखी साचत होती. बोटांचेही तेच. एका शिपायाने दोन बोटे चोळली, तशी त्यांतून मोहरीएवढी काळी गोळी निघाली, आणि त्याचा चेहरा उतरला. कारण झाडापासून अलग केलेल्या राळेस कायदा गांजा म्हणत नाही, चरस म्हणतो, आणि चरसाचे अल्प प्रमाण अवघे शंभर ग्रॅम आहे. कायद्याच्या रक्षणात असताना गांजाचा चरस झाला, आणि तो रक्षकाच्या बोटावर. पाण्याने ती निघेना, साबणास जुमानीना. शेवटी चहावाल्याकडून गोडेतेल आणून ते प्रकरण मिटविण्यात आले.

निव्वळ तुरे ४ किलो १०० ग्रॅम भरले. ५२ किलो ३०० ग्रॅमचा तो डोंगर माती, मूळ, पाणी, काडी, पाला आणि शेळी वजा जाता एका पिशवीत मावला. त्यातून नमुना म्हणून २४ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे दोन-दोन तोळ्यांच्या, पुड्या सराफाच्या काट्यावर मोजून बांधल्या गेल्या. आरोपीस पुढे जामीन झाला. गावात सापडला तेव्हा तो मला म्हणाला, “गुरुजी, वाळवण लई चांगलं केलंव, फक्त उन्हात करायला नको हुतं.”

शिंप्याच्या कात्र्या परत गेल्या. त्याने त्या रॉकेलने धुतल्या, राखेने घासल्या, तरी बिजागरीच्या खिळ्यात जे शिरले होते ते शिरूनच राहिले. त्याच आठवड्यात मी त्याच्याकडे एक सदरा बेतावयास टाकला होता. सदरा उत्तम झाला. परंतु तो नुसत्या धुण्याने जाणार नाही असा काही एक गुण घेऊन घरी आला, म्हणून पत्नीने तो खास प्रसंगासाठी लोखंडी पेटीत, तळाशी घडी करून ठेवला, आणि बंद पेटीत वस्तू मुरते हे आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिले नाही. दीड वर्षाने साक्षीचे समन्स आले. कोर्टात जाणे हा खास प्रसंग होय, असे ठरून पेटी उघडली गेली.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. आरोपीचे वकील उलटतपासासाठी हातात चोवीस पंचनाम्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याजवळ आले, थांबले, एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या सदऱ्याकडे पाहिले, दीर्घ श्वास घेतला, आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, “गुरुजी, मुद्देमाल अखेरपर्यंत पूर्णपणे मोहोरबंद होता, असं आपण शपथेवर सांगता?”